चीनचा पैसा आणि परदेशातली बंदरं: वाचक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

श्रीलंकेतल्या हंबनटोटा किंवा पाकिस्तानातल्या ग्वादर बंदराची बातमी आली की मला तेच ते प्रश्न येतात. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे एक उत्तर दुसऱ्याला टेकतं, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. चीन परदेशात बंदर ‘बांधतो’ म्हणजे नेमकं काय करतो? पैसा सरकारचा की कंपनीचा?

इथे तीन वेगळी कामं आहेत. बातमीत ती एकाच शब्दात कोंबली जातात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो.

पहिलं काम कर्ज देण्याचं. ते मुख्यतः चायना एक्झिम बँक आणि चायना डेव्हलपमेंट बँक करतात. दोन्ही सरकारी, दोन्ही १९९४ साली सुरू झालेल्या. कर्ज बुडण्याच्या जोखमीचा विमा सायनोशुअर ही तिसरी सरकारी संस्था उतरवते. दुसरं काम बांधकामाचं. ते बहुधा चायना हार्बर इंजिनीअरिंगसारखी सरकारी ठेकेदार कंपनी करते. कर्जाच्या अटीतच चिनी ठेकेदार नेमायचं लिहिलेलं असतं, त्यामुळे कर्जाचा मोठा भाग चीनमधल्याच एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातो. तिसरं काम बंदर चालवण्याचं. ते चायना मर्चंट्स किंवा कॉस्को या सरकारी कंपन्या करतात. चायना मर्चंट्स तर १८७२ सालची, चीनमध्ये राजेशाही असतानाची आहे.

एखाद्या बंदरात तिन्ही असतात, एखाद्यात एकच. ग्रीसच्या पिरेयसमध्ये मुद्दा मालकीचा आहे, सरकारला दिलेल्या कर्जाचा नाही. हंबनटोटात आधी कर्ज आणि बांधकाम आलं, चालवणं फार नंतर आलं. कोणत्याही बंदराबद्दल बोलताना आधी हे विचारा: चीन तिथे सावकार आहे, गवंडी आहे की वहिवाटदार?

आवाका सांगायचा तर, अमेरिकेतल्या विल्यम अँड मेरी विद्यापीठाच्या एडडेटा या संशोधन गटाने २०२३ मध्ये मोजणी मांडली. २००० ते २०२१ या काळात अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या ४६ देशांतल्या ७८ बंदरांसाठी चिनी सरकारी संस्थांनी २९.९ अब्ज डॉलर देऊ केले. यात श्रीमंत देशांतली बंदरं नाहीत.

२. पण चीनला एवढी बंदरं हवीतच कशाला?

एकच कारण सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. चीनचा माल समुद्रानेच जातो, तेलही मुख्यतः समुद्रानेच येतं आणि त्या तेलाचा फार मोठा भाग मलाक्काच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून जातो. ती वाट कोणी अडवली तर काय, ही काळजी तेव्हाचे चिनी राष्ट्राध्यक्ष हू जिंताओ यांच्या काळात, २००३ पासून उघड बोलली जाऊ लागली. दुसरीकडे देशातलं बांधकाम मंदावलं की पोलाद, सिमेंट आणि ठेकेदार कंपन्यांना बाहेर काम लागतं. निर्यातीतून साठलेले डॉलर कुठेतरी गुंतवायचे असतात. २०१३ मध्ये शी जिनपिंग यांनी आधी अस्तानात आणि मग जकार्तात भाषणं करून या सगळ्याला ‘बेल्ट अँड रोड’ हे एक नाव दिलं. मात्र हंबनटोटाचं पहिलं कर्ज त्याच्या सहा वर्षं आधीचं आहे. नाव नंतर आलं, धंदा आधीपासून होता.

३. हंबनटोटाची गोष्ट पहिल्यापासून सांगाल का? सगळे तिचाच दाखला देतात.

सांगतो, कारण बाकी अर्धे प्रश्न या एका गोष्टीतून सुटतात.

हंबनटोटा हा श्रीलंकेच्या दक्षिण टोकाचा कोरडा, गरीब भाग. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने तो झोडपून काढला. पूर्व-पश्चिम जाणारी जहाजं इथून अगदी जवळून जातात, त्यामुळे इथे बंदर असावं ही कल्पना जुनीच होती. २००३ मध्ये एका कॅनेडियन कंपनीने आणि २००६ मध्ये रॅम्बोल या डॅनिश कंपनीने व्यवहार्यता अहवाल दिले. म्हणजे कल्पना बीजिंगमध्ये शिजलेली नव्हती. नोव्हेंबर २००५ मध्ये महिंदा राजपक्षे राष्ट्राध्यक्ष झाले आणि हंबनटोटा हा त्यांचा घरचा जिल्हा. प्रस्ताव आधी भारताला दिला होता, असं त्यांनी स्वतः नंतर सांगितलं.

२००७ मध्ये चायना एक्झिम बँकेने पहिल्या टप्प्यासाठी ३० कोटी ७० लाख डॉलर कर्ज दिलं. मुदत १५ वर्षं, त्यातली सुरुवातीची ४ वर्षं मुद्दलाला सवलत. श्रीलंकेपुढे दोन पर्याय होते: ६.३ टक्के ठरीव व्याज, किंवा बाजाराप्रमाणे हलणारं व्याज. त्या वेळी बाजारदर चढत होते, म्हणून ठरीव घेतलं. वर्षभरात जागतिक मंदी आली, दर कोसळले आणि ६.३ टक्के गळ्यात राहिले. हा दर आज चढा वाटतो. पण त्याच २००७ मध्ये श्रीलंकेने पहिले आंतरराष्ट्रीय रोखे विकले, ते ८.२५ टक्क्यांनी.

नोव्हेंबर २०१० मध्ये राजपक्षेंच्या वाढदिवसाच्या सुमाराला थाटात उद्घाटन झालं. बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली मोठा खडक होता. मोठी जहाजं आत येण्यासाठी तो नंतर सुरुंग लावून फोडावा लागला. आधी वाट मोकळी करायची आणि मग फीत कापायची, हा साधा क्रमही पाळला गेला नाही. त्या एका खडकात मला सगळ्या प्रकल्पाची घाई दिसते.

आणि जहाजं? २०१२ साली आली ३४. त्याच वर्षी कोलंबोत साडेतीन हजारांहून जास्त. तरीही त्याच वर्षी दुसऱ्या टप्प्यासाठी आणखी ७५ कोटी ७० लाख डॉलरचं कर्ज घेतलं, या वेळी २ टक्क्यांनी. पहिला टप्पा कमवायला लागेपर्यंत थांबा, असं त्या आधीच्या अहवालांचं सांगणं होतं. थांबायला कोणी तयार नव्हतं. देणाराही नाही, घेणाराही नाही.

जानेवारी २०१५ मध्ये राजपक्षे हरले, मैत्रीपाल सिरिसेना आले. नव्या सरकारने चायना मर्चंट्स आणि चायना हार्बर या दोन चिनी कंपन्यांकडून प्रस्ताव मागवले आणि पहिली निवडली. २९ जुलै २०१७ ला करार झाला: ९९ वर्षं आणि १.१२ अब्ज डॉलर. एकत्रित हिशेबात चायना मर्चंट्सकडे ७० टक्के आणि श्रीलंका बंदर प्राधिकरणाकडे ३० टक्के वाटा. डिसेंबरमध्ये ताबा गेला.

यात स्थानिक लोक कुठे आहेत, हे कोणी विचारत नाही. बंदराच्या जोडीला औद्योगिक पट्ट्यासाठी १५ हजार एकर जमिनीची चर्चा होती. जानेवारी २०१७ मध्ये तिथले गावकरी आणि बौद्ध भिक्खू रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांच्यावर अश्रुधूर आणि पाण्याचे फवारे सोडले गेले. ते फवारे श्रीलंकेच्याच पोलिसांचे होते.

४. म्हणजे कर्ज थकलं आणि चीनने बंदर जप्त केलं, असंच ना?

नाही. आपल्याकडे हीच आवृत्ती सर्वात जास्त फिरते, म्हणून जरा थांबून बघू.

सावकाराने जमीन घेतली की काय होतं? कर्ज फिटलं असं धरलं जातं, खतावर बोट उमटतं आणि जमीन जाते. हंबनटोटात असं झालं नाही. बंदर तारण ठेवलेलं नव्हतं. एक्झिम बँकेचं कर्ज भाडेपट्ट्यानंतरही जसंच्या तसं राहिलं. फक्त बंदर प्राधिकरणाच्या वहीतून ते श्रीलंकेच्या तिजोरीच्या वहीत आलं. मिळालेले १.१२ अब्ज डॉलर चीनचं कर्ज फेडायला गेले नाहीत. ते परकीय चलनाच्या गंगाजळीत गेले, कारण त्या काळात श्रीलंकेला डॉलरची चणचण होती आणि मोठे हप्ते पाश्चात्त्य बाजारात विकलेल्या रोख्यांचे होते.

म्हणजे घरात रोकड नाही म्हणून दुसऱ्या सावकाराचे हप्ते भागवायला एक मळा शंभर वर्षांच्या खंडाने दिला, आणि मळ्यावर विहीर खणायला काढलेलं कर्ज आपल्याच डोक्यावर ठेवलं. मला विचाराल तर जप्तीपेक्षा हे जास्त वाईट आहे. जप्तीत निदान कर्ज तरी सुटतं. पण हा निर्णय कोलंबोत झाला, निवडून आलेल्या सरकारने केला आणि त्याच्यावर त्यांचीच सही आहे. श्रीलंकेचे उमेश मोरामुदली आणि अमेरिकेच्या डेबोरा ब्रॉटिगम या अभ्यासकांनी हे कागदपत्रांनिशी मांडलं आहे.

५. ९९ वर्षं म्हणजे विकल्यासारखंच नाही का?

सातबाऱ्याच्या भाषेत सांगतो. मालक म्हणून नाव श्रीलंकेचं आहे, वहिवाट चिनी कंपनीची. बंदराच्या संरक्षणाचा अधिकार श्रीलंकेच्या नौदलाने स्वतःकडे ठेवला आणि २०१८ मध्ये नौदलाचं दक्षिण मुख्यालय गॉलहून हंबनटोटाला हलवायचं ठरलं. कागदावर हा फरक खरा आहे.

व्यवहारात ९९ वर्षं म्हणजे चार पिढ्या. कूळ चार पिढ्या जमीन कसतं तेव्हा मालकाचं नाव किती उरतं, हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. शिवाय ब्रिटिशांनी १८९८ मध्ये हाँगकाँगजवळचा मोठा प्रदेश चीनकडून घेतला, तोही ९९ वर्षांच्याच पट्ट्याने. चीन आपल्या इतिहासात तो अपमान म्हणून शिकवतो. ऑस्ट्रेलियातल्या डार्विन बंदराचा २०१५ चा पट्टाही ९९ वर्षांचा आहे, त्याबद्दल प्रश्न १२ पाहा.

६. मग ‘कर्जसापळा’ हा शब्दच खोटा आहे का?

हा शब्द भारतीय अभ्यासक ब्रह्म चेलानी यांनी जानेवारी २०१७ मध्ये वापरला आणि वर्षभरात तो वॉशिंग्टनपर्यंत पोहोचला. सापळा म्हणजे आधीपासून आखलेला बेत: देश बुडणार हे माहीत असूनही कर्ज द्यायचं आणि बुडाला की बंदर घ्यायचं. असा बेत हंबनटोटात सिद्ध होत नाही.

पण ‘बेत सिद्ध झाला नाही’ याचा अर्थ ‘सगळं ठीक आहे’ असा होत नाही. चिनी कर्जांत खरी खोट दोन ठिकाणी आहे. पहिली, गुप्तता. २०२१ मध्ये संशोधकांनी चिनी सरकारी बँकांचे १०० करार प्रत्यक्ष वाचले. त्यांतल्या अनेकांत कर्जदाराने अटी उघड करायच्या नाहीत असं कलम होतं. ज्या करदात्याने फेडायचं, त्याच्यापासूनच कागद लपवायचा. दुसरी खोट, इतर सावकारांच्या पुढे उभं राहण्याची धडपड: वेगळं खातं उघडून त्यात ठरावीक रक्कम ठेवायची, सामूहिक तडजोडीतून हे कर्ज बाहेर ठेवायचं, अशा अटी.

‘कर्जसापळा’ म्हटलं की सगळा दोष बाहेरच्यावर जातो आणि आपल्या जिल्ह्यात बंदर हवं म्हणून घाईने सही करणारा पुढारी सुटतो. श्रीलंकेतल्या माणसाला सहानुभूती हवी असेल तर ती अशी अर्धी नको.

७. २०२२ मध्ये श्रीलंका दिवाळखोर झाली, ती चिनी कर्जामुळेच ना?

चिनी कर्ज हे एक कारण होतं, मुख्य नव्हतं. १२ एप्रिल २०२२ ला श्रीलंकेने परकीय कर्जफेड थांबवली, तेव्हा बाहेरचं एकूण देणं सुमारे ५१ अब्ज डॉलर होतं. त्यात चीनचा वाटा, सरकारी कंपन्यांची कर्जं धरून, साधारण पाचवा हिस्सा. सर्वात मोठा गट आंतरराष्ट्रीय रोखेधारकांचा होता. वर २०१९ ची करकपात, कोविडमध्ये बंद पडलेलं पर्यटन आणि रासायनिक खतांवर रातोरात घातलेली बंदी.

चीनवर रास्त आक्षेप नंतरच्या काळाचा आहे. तडजोडीत तो इतर देशांच्या समितीत बसला नाही, निरीक्षक म्हणूनच राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये एक्झिम बँकेच्या ४.२ अब्ज डॉलरच्या कर्जावर स्वतंत्र समझोता झाला. भारत, जपान आणि फ्रान्स यांच्या पुढाकारातल्या समितीचा ५.८ अब्जांचा समझोता जून २०२४ मध्ये झाला.

८. बंदर चिनी कंपनीकडे असलं की चिनी युद्धनौका हवी तेव्हा येऊ शकते का?

हवी तेव्हा नाही. पण ‘कधीच नाही’ असंही नाही, आणि खरी गुंतागुंत इथेच आहे.

युद्धनौकेला परवानगी देश देतो, धक्का चालवणारी कंपनी देत नाही. ऑगस्ट २०२२ चं उदाहरण बघा. उपग्रह आणि क्षेपणास्त्रांचा माग काढणारं चीनचं युआन वांग ५ हे जहाज हंबनटोटाकडे निघालं होतं. कोलंबोने जुलैमध्ये होकार दिला, भारताच्या आक्षेपानंतर ५ ऑगस्टला ‘पुढे ढकला’ म्हटलं आणि १३ तारखेला पुन्हा होकार दिला. जहाज १६ ला लागलं, २२ ला गेलं. ओळख सांगणारी यंत्रणा चालू ठेवायची आणि श्रीलंकेच्या पाण्यात संशोधन करायचं नाही, अशा अटी होत्या. मधल्या काळात श्रीलंकेचा राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाला होता आणि पेट्रोलसाठी रांगा लागल्या होत्या. एवढ्या दुबळ्या सरकारलाही ‘थांबा’ म्हणता आलं, आणि तेवढंच दुबळं असल्यामुळे ते फार दिवस म्हणता आलं नाही. कंपनीच्या करारापेक्षा ही घासाघीस जास्त बोलकी आहे. पुढे श्रीलंकेने २०२४ या वर्षापुरती सगळ्याच परदेशी संशोधन जहाजांना बंदी घातली.

दुसरं उदाहरण सप्टेंबर २०१४ चं. चिनी पाणबुडी आली ती हंबनटोटाला नाही, कोलंबोला. कोलंबोतल्या ज्या टर्मिनलमध्ये चायना मर्चंट्सचा ८५ टक्के वाटा आहे, तिथेच ती लागली. हंबनटोटाच्या गलक्यात ही गोष्ट विसरली जाते.

तिसरं पूर्व आफ्रिकेतल्या जिबुतीचं. चीनचा परदेशातला पहिला लष्करी तळ १ ऑगस्ट २०१७ ला तिथे सुरू झाला. शेजारच्या दोरालेह बंदरात चायना मर्चंट्सची भागीदारी त्याच्या आधीची आहे. व्यापारी बंदर आधी, तळ नंतर, असा क्रम इथे खरोखर दिसतो. पण जिबुतीत अमेरिका, फ्रान्स आणि जपानचेही तळ आहेत. जागा भाड्याने देणं हाच त्या छोट्या देशाचा धंदा आहे.

आणि एक कायदा लक्षात ठेवा. २०१७ पासून लागू झालेल्या चीनच्या राष्ट्रीय संरक्षण वाहतूक कायद्यानुसार, परदेशात काम करणाऱ्या चिनी वाहतूक कंपन्यांनी गरज पडल्यास सैन्याला मदत करायची आहे. कंपनी व्यापारीच असेल, पण तिला ‘नाही’ म्हणायची मुभा नाही. तिला कोणती जहाजं कोणता माल घेऊन कुठे जातात हे रोज दिसतं. मला युद्धनौकेपेक्षा या माहितीची जास्त काळजी वाटते.

९. ‘मोत्यांची माळ’ म्हणजे हीच बंदरं का?

हो, त्यांतली भारताच्या आजूबाजूच्या समुद्रातली. हा शब्द मात्र चीनचा नाही. अमेरिकी संरक्षण खात्यासाठी बूझ अ‍ॅलन हॅमिल्टन या सल्लागार कंपनीने २००० च्या दशकाच्या मध्यात केलेल्या अहवालातून तो पसरला. नकाशावर माळ छान दिसते, पण प्रत्येक मणी वेगळ्या कराराचा आहे. बांगलादेशातल्या सोनादियाचं चिनी बंदर तर झालंच नाही. बांगलादेशाने जवळच मातारबारीला जपानी कर्जावर बंदर घेतलं.

१०. ग्वादरचं काय झालं? दुबई होणार होतं ना?

ग्वादर १९५८ पर्यंत ओमानच्या सुलतानाकडे होतं, तेव्हा पाकिस्तानने ते विकत घेतलं. चिनी पैशावर बंदराचा पहिला टप्पा उभा राहिला आणि २००७ मध्ये सुरू झाला. चालवायला आधी सिंगापूरची कंपनी होती, २०१३ पासून चिनी सरकारी कंपनी आहे. महसुलाचा ९१ टक्के हिस्सा तिचा आणि ९ टक्के ग्वादर बंदर प्राधिकरणाचा, ही वाटणी पाकिस्तानच्या संसदेत सांगितली गेली तेव्हा बलुची लोकांच्या जखमेवर मीठ चोळल्यासारखं झालं. जहाजं आजही मोजकीच येतात. बंदरामागे कारखाने नाहीत, शहराला पाणी पुरत नाही, वीज मुख्यतः इराणकडून येते. चीनच्या सीमेपर्यंतचा रस्ता हिमालय-काराकोरम ओलांडून जातो. तेवढ्या लांबून कंटेनर ट्रकने नेणं कोणत्याही व्यापाऱ्याला परवडणारं नाही.

२०२१ च्या अखेरीस तिथे ‘हक दो तहरीक’ उभी राहिली. मागण्या काय होत्या? मोठे ट्रॉलर आमच्या पाण्यातून हटवा, नाक्यानाक्यावर आमचीच ओळखपत्रं तपासणं थांबवा, समुद्रावर जायची वाट मोकळी ठेवा. बायका हजारोंनी रस्त्यावर आल्या. हे वाचताना मला शेवा कोळीवाडा आठवतो. न्हावा-शेवाचं बंदर झालं तेव्हा त्या लोकांना हनुमान कोळीवाड्यात हलवलं, आणि त्यांच्या पुनर्वसनाचं भिजत घोंगडं कित्येक दशकं राहिलं. पैसा चीनचा असो की आपला, बंदर येतं तेव्हा सर्वात आधी होडी ओढायची जागा जाते.

११. युरोपातल्या श्रीमंत देशांनी कशी काय परवानगी दिली?

गरजेपोटी. ग्रीस कर्जात बुडालेला होता. कॉस्कोने २००९ पासून पिरेयसचे दोन धक्के चालवायला घेतले. २०१६ मध्ये, ग्रीसला मदत देणारे युरोपीय सावकारच सरकारी मालमत्ता विका म्हणून मागे लागले असताना, बंदर प्राधिकरणाचा ५१ टक्के वाटा २८ कोटी युरोंना घेतला. २०२१ मध्ये तो ६७ टक्के झाला. धंद्याच्या दृष्टीने हे चिनी यश आहे: २०१० मध्ये दहा लाखांच्या आत असलेली कंटेनरांची उलाढाल २०१९ मध्ये पन्नास लाखांच्या पुढे गेली. राजकीय किंमतही दिसली. जून २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत चीनवर टीका करणारं युरोपीय संघाचं निवेदन ग्रीसने अडवलं.

जर्मनीने त्यातून धडा घेतला. हँबर्गच्या एका टर्मिनलमध्ये कॉस्कोला ३५ टक्के हवे होते, दिले २५ टक्क्यांच्या आत, म्हणजे निर्णय अडवता येणार नाहीत इतपतच.

१२. पनामा आणि डार्विनही चीन सरकारकडे गेली होती का?

इथे घाई करू नका. पनामा कालव्याच्या दोन्ही टोकांची बाल्बोआ आणि क्रिस्तोबाल ही बंदरं १९९७ मध्ये हाँगकाँगच्या हचिसनकडे गेली, ती खासगी कंपनी आहे. मार्च २०२५ मध्ये तिने चीन आणि हाँगकाँगबाहेरची आपली बंदरं ब्लॅकरॉक या अमेरिकी गुंतवणूक कंपनीच्या गटाला विकायची घोषणा केली, तेव्हा बीजिंग उघड संतापलं. मालक सरकार नसलं तरी सरकारचा हात किती लांब पोहोचतो, ते त्या संतापात दिसलं. डार्विनचा पट्टा घेणारी लँडब्रिज हीसुद्धा खासगी चिनी कंपनी आहे. तिथे सरकारी बंदर-कर्जाचा प्रश्नच नव्हता, स्थानिक सरकारला रोकड हवी होती.

१३. केनियाचं मोम्बासा बंदर चीनने घेतलं, असा संदेश आला होता. खरं का?

नाही. बंदर केनियाकडेच आहे. मोम्बासा-नैरोबी रेल्वेसाठी २०१४ मध्ये एक्झिम बँकेचं मोठं कर्ज घेतलं होतं. बंदर प्राधिकरणाने रेल्वेला ठरावीक माल पुरवायची हमी दिली होती. लेखापरीक्षकांच्या एका पत्रावरून ‘बंदर तारण आहे’ अशी बातमी झाली, पण नंतर करार तपासणाऱ्या संशोधकांना बंदर तारण असल्याचं आढळलं नाही. माल पुरवायची हमी म्हणजे तारण नव्हे; तारण असतं तेव्हा काय होतं, ते प्रश्न ४ मध्ये आलं आहेच.

१४. करार बदलून घेतल्याचं एखादं तरी उदाहरण आहे का?

आहे, आणि ते आपल्या शेजारचं आहे. म्यानमारच्या चाउकप्यूमध्ये सीआयटीआयसी या चिनी सरकारी समूहाने ७.३ अब्ज डॉलरचं बंदर मांडलं होतं, त्यात चिनी वाटा ८५ टक्के. आँग सान सू ची यांच्या सरकारने हंबनटोटाचा बोध घेतला आणि २०१८ मध्ये पहिला टप्पा १.३ अब्जांवर, वाटा ७० टक्क्यांवर आणला. चीनला हे बंदर हवंच होतं, कारण तिथूनच तेल आणि वायूच्या नळवाहिन्या चीनच्या युनान प्रांताला जातात, मलाक्का टाळून. समोरच्याची गरज ओळखली तर छोटा देशही भाव पाडू शकतो. (पुढे २०२१ च्या लष्करी उठावाने आणि यादवीने सगळंच विस्कटलं.)

उलटं उदाहरण पेरूच्या चांकायचं. बंदर कॉस्कोच्या ६० टक्के मालकीचं, नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झालं. इथल्या सेवा फक्त कॉस्कोच देईल ही अट चुकून मान्य केली असं पेरूच्या बंदर प्राधिकरणाच्या लक्षात आलं आणि त्यांनी कोर्टात धाव घेतली. शेवटी संसदेने कायदाच बदलला आणि दावा मागे घेतला गेला.

१५. भारताने नेमकं काय केलं आहे?

बरंच, पण उशिरा. इराणच्या चाबहारमधलं टर्मिनल चालवायचा १० वर्षांचा करार मे २०२४ मध्ये झाला. म्यानमारच्या सितवे बंदरात पहिलं जहाज मे २०२३ मध्ये लागलं. कोलंबोत पूर्व टर्मिनल भारत-जपानला द्यायचा करार श्रीलंकेने २०२१ मध्ये मोडला, बदल्यात पश्चिम टर्मिनल अदाणी समूहाच्या भागीदारीत गेलं. ते चिनी टर्मिनलच्या शेजारीच, २०२५ मध्ये सुरू झालं. इस्रायलच्या हैफातही हेच दृश्य आहे: खाडीत शांघायच्या सरकारी कंपनीने चालवलेलं नवं टर्मिनल आणि त्याला लागून अदाणींनी २०२३ मध्ये घेतलेलं जुनं बंदर.

मला घरचं काम जास्त महत्त्वाचं वाटतं. आपला जो माल मोठ्या जहाजावर चढवण्यासाठी मध्ये उतरवावा लागतो, त्यातला सुमारे तीन चतुर्थांश परदेशी बंदरांत उतरत आला आहे, आणि त्यात कोलंबो आघाडीवर. म्हणजे कोलंबोचं चिनी टर्मिनल आपल्याच कंटेनरांवर पोसलं गेलं. केरळचं विळिंजम मे २०२५ मध्ये देशाला अर्पण झालं, ते याच कारणासाठी. आपल्या पालघरमधल्या वाढवणला जून २०२४ मध्ये मंजुरी मिळाली: ७६,२२० कोटी रुपये, जेएनपीए म्हणजे न्हावा-शेवाच्या बंदर प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के. तिथल्या मच्छीमारांचा विरोध आहे. ‘चीनला टक्कर’ असं म्हणून तो झटकू नये. ग्वादरचं उत्तर (प्रश्न १०) वाचून वाढवणकडे पाहावं, एवढी माझी विनंती आहे.

१६. आपल्या बंदरांतल्या क्रेनसुद्धा चिनी आहेत म्हणे. मग बंदर आपलं असून काय उपयोग?

खरं आहे. जहाजावरून कंटेनर उचलणाऱ्या उंच क्रेनच्या बाजारात झेडपीएमसी या चिनी सरकारी कंपनीचं वर्चस्व आहे. अमेरिकी बंदरांतल्याही सुमारे ८० टक्के क्रेन तिच्याच. ऑक्टोबर २०२३ मध्ये विळिंजमला लागलेलं पहिलं जहाज, ज्याचं वाजतगाजत स्वागत झालं, ते चीनहून क्रेनच घेऊन आलं होतं. त्या समारंभात चिनी खलाशांना किनाऱ्यावर उतरू देण्यावरून परवानगीचा घोळ झाला होता.

क्रेन म्हणजे लगेच हेरगिरी नव्हे. काळजी आहे ती दुरून जोडणाऱ्या मोडेमची आणि देखभालीच्या सॉफ्टवेअरची. अमेरिकी संसदेच्या २०२४ च्या अहवालात काही क्रेनमध्ये असे मोडेम आढळल्याचं म्हटलं, कंपनीने आरोप नाकारले. जाळं वेगळं ठेवणं आणि देखभाल आपल्या हाती ठेवणं हे करता येण्यासारखं आहे, आणि ते टर्मिनल घेतानाच्या करारात लिहून घ्यावं लागतं.

१७. शेवटचा आणि अवघड: भारतीय कंपन्या हंबनटोटा वापरतात का? वापरावं का?

वापरतात. भाडेपट्ट्यानंतर हंबनटोटाने कंटेनरऐवजी आधी मोटारगाड्यांवर जोर दिला. चेन्नई किनाऱ्यावरच्या कारखान्यांत बनलेल्या गाड्या तिथे उतरतात, रांगेत उभ्या राहतात आणि दुसऱ्या जहाजावर चढून आफ्रिकेला किंवा दक्षिण अमेरिकेला जातात. दिल्लीत ज्या बंदराला धोका म्हणतात, त्याच्या उत्पन्नात भारतात बनलेल्या गाड्यांचा हातभार आहे.

निर्यातदाराला मी दोष देणार नाही. त्याला जहाज वेळेवर हवं आणि दर परवडायला हवा. पण बहिष्काराच्या पोस्ट पाठवणाऱ्यांनी हे जाणून घ्यावं: ते बंदर पूर्ण रिकामं राहिलं, तर श्रीलंकेचा ३० टक्के वाटाही शून्यावर जाईल आणि तिथलं सरकार चीनवर आणखी अवलंबून राहील. मालाची वाहतूक सुरू राहिली, तर व्यापारी बंदर म्हणून चालवण्यातच त्या कंपनीचा फायदा राहतो. मी तरी गाड्या जाऊ द्या म्हणेन, आणि युआन वांगसारख्या जहाजाबद्दल कोलंबोशी दर वेळी बोलत राहा म्हणेन. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बोलल्यामुळे ते जहाज पाच दिवस उशिरा लागलं आणि अटी घेऊन लागलं.